एका मोठ्या संख्येच्या निमित्तानें

आमच्या शाळेंत शनिवारीं सकाळीं शेवटच्या तासांतील अर्धा तास गणिताच्या अशा उदाहरणांसाठीं राखून ठेवलेला असतो कीं, ज्यांवर परीक्षेंत एकहि प्रश्न येत नाहीं. हा अर्धा तास बंद करून तो शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या तयारीस द्यावा, अशी सूचना यंदा कांहीं पालकांनीं आम्हांस केली आहे. सूचना सद्धेतूनें केलेली आहे आणि ती करणाऱ्यांत आमचे कित्येक स्नेही आहेत. म्हणून तिचें उत्तर शिक्षकांच्या खोलींत न देतां या वार्षिकांत, सर्वांच्या समक्ष, देणें आम्हांस बरें वाटतें. तें उत्तर आम्ही एका संख्येच्या द्वारें देणार आहों. ती संख्या ही:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकांची ही संख्या डावीकडून वाचा अगर उजवीकडून वाचा, ती एकच. एकापासून नवापर्यंत चढावें आणि नवापासून एकापर्यंत उतरावें, अशी तिची रचना. आमच्या वर्गांतील मुलें तिला ‘सरसगड’ म्हणतात, तें कांहीं वावगें नाहीं. शब्दांत वाचून दाखविणें मात्र मुलांप्रमाणेंच पालकांसहि जड जाईल; कारण आपला नित्याचा व्यवहार कोटीपाशीं, फार तर अब्जापाशीं, थांबतो. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ंत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत. तीं घेऊन मोजूं लागलें म्हणजे आपल्या संख्येचा मधला नऊ अर्बुदाच्या, म्हणजे दशकोटीच्या, स्थानीं येतो, आणि डावीकडचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानीं पडतो. परार्ध तेथून एकच पायरी वर. शंकु, जलधि, अंत्य हीं नांवें आमच्या आज्यांच्या उजळणींत पाठ असत. आज तीं ऐकून मुलें हसतात, आणि मग हळूच वहींत उतरवूनहि घेतात.

पण नुसत्या नांवानें आकार कळत नाहीं. दर सेकंदास एक याप्रमाणें, न झोपतां न जेवतां, कोणी मोजूं लागला तर या संख्येपर्यंत पोंचण्यास त्यास सुमारें ३९ कोटि वर्षें लागतील. आपल्या पालीच्या डोक्यावर जो सरसगड उभा आहे, त्याचा काळा कातळ ज्या लाव्हारसापासून झाला, तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिला. त्या दिवशीं मोजण्यास प्रारंभ केला असता, तर मोजणारा आज केवळ एकषष्ठांश वाट चालून आलेला असता. आपल्या भातशेतीच्या गांवास दुसरें माप अधिक जवळचें वाटेल: तांदुळाचा एक दाणा २० मिलिग्रॅम धरला, तर इतक्या दाण्यांचें वजन सुमारें २४ कोटि ६९ लक्ष टन भरतें. सबंध भारतवर्षांत एका वर्षांत पिकणारा तांदूळहि इतका नसतो.

आतां एवढी अवाढव्य संख्या येते कोठून? नऊ एकांची संख्या, १११११११११, घ्यावी आणि तिला तिनेंच गुणावें, झालें. पाटीवर हा गुणाकार मांडला कीं नऊ ओळी पडतात. प्रत्येक ओळींत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ तिच्या वरच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या रकान्यांत एकच एक उभा असतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, असें करतां करतां नवव्यांत नऊ. त्यापुढें वरच्या ओळी एकेक करून संपूं लागतात, म्हणून दहाव्यांत आठ, अकराव्यांत सात, आणि सतराव्यांत पुन्हां एकच. बेरीज म्हणून करावयाची ती केवळ उभ्या एकांची मोजदाद. हातचा एकदांहि येत नाहीं. नऊ ओळींत नऊ नऊ मिळून ८१ एक होतात, आणि हातचा नसल्यामुळें उत्तरांतील अंकांची बेरीजहि बरोबर ८१ भरते. इतकें समजण्यास पांचवीचा गुणाकार पुरे आहे.

हें फळ्यावर झाल्यावर पुढें काय होतें, तें आम्ही दरवर्षीं पाहतों. दहा एकांचा वर्ग किती, असें विचारतांच अर्धा वर्ग क्षणाचाहि विलंब न लावतां ‘एक दोन तीन... आठ नऊ दहा नऊ आठ...’ असें ओरडूं लागतो. यंदा मागच्या बांकावरून एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, एका घरांत दहा कसे राहतील?” या मुलीस मागील इयत्तेंत गणितांत जेमतेम उत्तीर्ण होण्यापुरते गुण होते, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. आम्हीं तिला फळ्यापाशीं बोलाविलें. मधल्या रकान्यांत दहा एक उभे राहिले. शून्य मांडून हातचा एक डावीकडे गेला. तेथें नऊ होते ते दहा झाले, पुन्हां शून्य आणि पुन्हां हातचा. पुढल्या घरांत आठ होते ते नऊ झाले आणि तेथें तो प्रवास संपला. उत्तर आलें तें असें: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहींसा झाला, मध्यें दोन शून्यें येऊन बसलीं, आणि दोहोंकडून सारखें वाचण्याचा गुण मोडला. वर्ग कांहीं काळ गप्प होता. मग ज्या मुलांनीं आधीं ओरडून उत्तर दिलें होतें, त्यांच्यांतलाच एक म्हणाला कीं, अकरा एकांचें आतां करून पाहूं.

आमच्या मतें त्या दिवशींचा खरा धडा नऊ एकांचा नव्हता, दहा एकांचा होता. हल्लीं मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून अशा संख्यांचे मनोरे ‘गणिताचा चमत्कार’ या मथळ्याखालीं घरोघरीं येतात. त्यांत नऊ पायऱ्या असतात आणि खालीं हात जोडलेलें चित्र असतें. दहावी पायरी कोणी कधीं पाठवीत नाहीं. चमत्कार पाहून थक्क होणारा मनुष्य जेथें थांबतो, तेथून विद्यार्थ्यानें पुढें जावयाचें असतें. एखादी गोष्ट नऊ वेळां घडली म्हणून ती दहाव्या वेळीं घडेलच असें नाहीं. ती कां घडते हें ज्यास कळलें, त्यास ती कोठें थांबेल हेंहि कळतें. बाजारांत, दवाखान्यांत, निवडणुकींत, दाम दुप्पट करून देणाऱ्यांच्या पेढींत, सर्वत्र ज्याला नऊ उदाहरणें दाखवून दहाव्याविषयीं भुलविलें जातें, त्या मनुष्याच्या शिक्षणांत दहा एकांचा गुणाकार राहून गेलेला असतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या संख्यांवर प्रेम करणारा एक शिक्षक आपल्याच प्रांतांत होऊन गेला, आणि त्याचें नांव आमच्या बहुतेक पालकांस ठाऊक नाहीं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९०५ सालीं डहाणू येथें जन्मले. त्यांचें शालेय शिक्षण ठाण्यास व पुढील शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत झालें; तेथें १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं पदवी घेऊन ते दुसऱ्याच वर्षीं नाशिकजवळील देवळाली येथें शाळामास्तर झाले, आणि १९६२ सालीं निवृत्त होईपर्यंत शाळामास्तरच राहिले. मोठी पदवी नाहीं, विद्यापीठांत जागा नाहीं. परंतु जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईहून सुमारें ३० मैलांवर डेमलो नांवाचें जें स्थानक होतें, तेथें त्यांस एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनीं त्या संख्यांस डेमलो संख्या असें नांव दिलें. १, १२१, १२३२१ अशा चढत जाऊन आमच्या सतरा अंकी संख्येपर्यंत येणाऱ्या संख्यांस ते ‘अद्भुत डेमलो’ म्हणत. गाडीची वाट पाहतांना मनुष्यें काय करतात हें आपण रोज पाहतों. त्यांनीं काय केलें तें वर आलेंच आहे.

कापरेकरांचें नांव जगभर झालें तें ६१७४ या संख्येमुळें, जी त्यांस १९४९ सालीं सांपडली. सर्व अंक सारखे नसतील अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें लावून मोठींतून लहान वजा करावी, आणि हेंच पुनः पुनः करावें. सात पायऱ्यांच्या आंत ६१७४ येते आणि मग हलत नाहीं. १९७५ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांतील आपल्या सदरांत कापरेकरांविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें मोठमोठ्या गणितज्ञांचें लक्ष त्यांच्याकडे गेलें. त्या वेळीं ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ सालीं ते वारले.

तोंपर्यंत आपल्याच देशांतील कित्येक गणितज्ञ त्यांच्या उद्योगास पोरखेळ समजत असत, आणि त्या म्हणण्यांत कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आक्षेप असा कीं, या गमती संख्येच्या नसून ती लिहिण्याच्या रीतीच्या आहेत. आपणांस दहा बोटें आहेत म्हणून आपण दहांच्या पटींनीं मोजतों, म्हणून आपला मनोरा नवावर मोडतो. बारांच्या पटींनीं मोजणारें एखादें राष्ट्र असतें तर त्याचा मनोरा अकरापर्यंत चढला असता, आणि आमच्या संख्येस त्यांच्या लिपींत लिहिलें असतां ती चढउतार कोठेंच दिसली नसती. आक्षेप खरा आहे. पण त्यामुळें उदाहरण टाकाऊ ठरतें असें आम्हांस वाटत नाहीं. मनुष्य कोणता आणि त्याचा अंगरखा कोणता हें ओळखण्यास शिकविणें, यापरतें गणिताच्या शिक्षकाचें दुसरें मोठें काम तें कोणतें?

तेव्हां अंगरखा उतरवून पाहूं. १११११११११ ला नवानें भाग दिला कीं १२३४५६७९ येते. तींत आठ नाहीं हें ध्यानांत घ्यावें. (हवा तो अंक मनांत धरून त्याची नऊपट करावी, आणि तिनें या संख्येस गुणावें, मनांतला अंक नऊ वेळां छापल्यासारखा उभा राहतो. धाकट्या भावंडांस दाखविण्यास हें उत्तम.) १२३४५६७९ म्हणजे पुन्हां ३७ गुणिले ३३३६६७. यांपैकीं ३७ मूळ संख्या आहे हें सर्वांस ठाऊक. ३३३६६७ हीहि मूळ संख्या आहे, पण तें ठरविण्यास ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनीं भाग देऊन पाहावें लागतें. आमच्या नववीच्या मुलांनीं हें काम आपसांत वांटून घेऊन दोन शनिवारांत पुरें केलें. एकंदरींत आपली संख्या म्हणजे तीनाचा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. हें मात्र तिचें स्वतःचें आहे. ती बारांनीं लिहा, दोहोंनीं लिहा, गोट्यांनीं मांडा, हे अवयव बदलणार नाहींत. तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या ४५ आहेत, न अधिक न उण्या. आणि ४५ हा आंकडा विषम आला, याचें कारण आपली संख्या पूर्ण वर्ग आहे. जातां जातां सांगावयाचें म्हणजे ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हां ४५. अशा संख्यांस आज कापरेकर संख्याच म्हणतात.

अंगरखा आणि मनुष्य यांची गांठ जेथें पडते असेंहि एक स्थळ आहे. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनीं ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असें नांव दिलें. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिच्या अवयवांत तीनाचा चौथा घात, म्हणजे ८१, आहेच. भाग देऊन पाहा: १५२४१५७८९९७१०४१ येतील, आणि बाकी शून्य.

आतां यंत्रांविषयीं. “मोबाइलवर दोन क्षणांत होणारा गुणाकार मुलांकडून हातानें कां करून घेतां?” हा प्रश्न आम्हांस नेहमीं विचारला जातो. प्रश्न विचारणाऱ्यांनीं तो गुणाकार मोबाइलवर एकदां करून पाहावा. कित्येक गणकयंत्रें पहिले कांहीं अंक दाखवून पुढें दहाचा घात लिहून मोकळीं होतात. कार्यालयांतून हिशेबासाठीं वापरलें जाणारें संगणकावरील कोष्टक तर १२३४५६७८९८७६५४३०० असें उत्तर देतें, कारण तें पंधरा अंकांपलीकडचें लक्षांत ठेवीत नाहीं व पुढें शून्यें भरतें. एकानें संपणाऱ्या दोन संख्यांचा गुणाकार शून्यानें कसा संपेल? पहिलीचें पोरहि तें ओळखील. नवाची कसोटी लावावी तर या उत्तराच्या अंकांची बेरीज ७८ होते आणि तीस नवानें भाग जात नाहीं, म्हणून तेथेंहि तें उघडें पडतें. यंत्र वाईट आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मोठ्या संख्यांसाठीं मुद्दाम लिहिलेल्या आज्ञावलींकडून अचूक उत्तर मिळतें, आणि आम्हीं तेंहि मुलांस दाखविलें आहे. पण यंत्र कोठें चुकतें हें ज्यास दिसत नाहीं, तो त्याचा धनी नसून चाकर आहे.

कित्येक हितचिंतक आमची बाजू अशी मांडतात कीं, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणें अवघड असतें, आणि याच अवघडपणाच्या आधारावर १९७७ पासून पुढें गुप्त संदेशांची एक रीत उभी राहिली, जी पुढें पेढ्यांच्या व्यवहारांतहि आली. सबब हा खेळ उपयुक्त आहे. हें खरें आहे आणि मुलांस सांगण्याजोगेंहि आहे. तरी या कुबडीवर टेकण्याची आमची इच्छा नाहीं. उद्यां दुसरी रीत निघाली आणि ही मागें पडली, तर काय शनिवारचा अर्धा तासहि मागें पडावा? आमच्या वाडवडिलांनीं पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी पाठ केल्या त्या बाजाराच्या उपयोगासाठीं. रुपये-आणे गेले आणि त्या पाठोपाठ गेल्या. उपयोगासाठीं शिकलेली विद्या उपयोगाबरोबर जाते.

पालकांचा मुख्य मुद्दा आम्ही विसरलों नाहीं. ज्यांच्या घरीं दोन एकर भात आणि चार मुलें आहेत, त्यांस शिष्यवृत्तीचे रुपये ही थट्टेची गोष्ट नव्हे. तीवर शाळेंत राहणें न राहणें ठरतें. म्हणूनच गेल्या जून महिन्यापासून त्या परीक्षेची तयारी आम्ही बुधवारीं व शुक्रवारीं शाळा सुटल्यावर पाऊण तास, एक पैसाहि न घेतां, करून घेत आहों. पाऊण तासाचा एक तास करावयाचा असेल तर तोहि करूं. त्यासाठीं आमचा वेळ घ्यावा, मुलांचा शनिवार घेऊं नये. बाकी सारे तास तर परीक्षेनें घेतलेलेच आहेत. मागच्या बांकावरील ज्या मुलीचा उल्लेख वर आला, तिनें परीक्षेच्या तासास वर्षभरांत एकहि प्रश्न विचारला नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास शिकविणारे तास शाळेंत पुष्कळ आहेत. स्वतः प्रश्न विचारण्याचा हा एकच आहे, आणि तो अर्धाच आहे.

तरी ज्या पालकांस शंका असेल त्यांनीं येत्या कोणत्याहि शनिवारीं साडेदहास वर्गांत येऊन मुलांच्या शेजारीं बसावें; पाटी आम्ही देऊं. तोंपर्यंत घरीं करण्याजोगें एक काम सांगून ठेवतों. एका एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ संख्यांचे वर्ग करावे, आणि त्यांपैकीं हर्षद कोणते तें शोधावें. एकाचा वर्ग आणि नऊ एकांचा वर्ग हे दोन तर वर आलेलेच आहेत. त्यांच्या मध्यें आणखी एकच आहे. तो कोणता, आणि दुसरा कां नाहीं, याचें उत्तर या वार्षिकांत छापलेलें नाहीं.